कॅन्सर हा शब्द : माझ्याच कवितेवर

गेल्या चौदा एप्रिलला रोह्यात मी कविता म्हटली. जात म्हणजे या देशाचा कॅन्सर, कापून फेका, जाळून टाका, अशी. टाळ्या पडल्या. आत्या मागं बसली होती. तिला तोंडाचा कॅन्सर. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला कापून कुठं फेकनार रे?"

म्हणून ही समीक्षा मीच लिहितोय. मी भाताच्या गिरणीत पोती उचलणारा, समीक्षा कुठं शिकलो नाही. पण आपल्या पोरांच्या कवितांत हा शब्द सर्रास येतो. जातीवरचा राग खोटा नाही. पण आपल्या जातीची नावं शिवी म्हणून वापरली की आपण भांडतो, आणि मी आजाऱ्याचं दुखणं शिवी म्हणून वापरलं. सुसान सोन्टॅग या अमेरिकन बाईनं स्वतः कॅन्सर भोगून १९७८ साली हेच लिहिलं. मला ते आधी आत्यानं सांगितलं.

कवितेत कॅन्सर आहे, दुखणं कुठाय? रोह्याहून दिव्याची गाडी, पुढं लोकल, मग परळचं टाटा. मांडीवर थुंकायचा डबा. रात्री कळ आली की आत्या भिंतीला डोकं लावून उभी. मॉर्फिनच्या गोळीनं ती पहिल्यांदा झोपली. घड्याळ बघून गोळी द्यायची, कळ येईस्तोवर थांबायचं नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच सांगितलंय. पण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं सगळे भ्याले. २०१४ साली कायदा सैल झाला, तरी एक दुकानदार माझ्याकडं गर्दुल्ल्यासारखा बघत होता. यावर आपली एक तरी कविता आहे?

मग नव्या औषधाच्या चाचणीचं निघालं. आपल्याच जिल्ह्यात, टाटाच्या खारघर केंद्रात, पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून परत सोडायचा उपचार तपासला गेला. २०२३ साली त्याला परवानगी मिळाली. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरांवर. आत्याची चाचणी वेगळी. कागद मराठीत होता, मी वाचून दाखवला : गुण येईलच असं नाही, कधीही बाहेर पडा, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. आत्याला लिहिता येत नाही, म्हणून अंगठ्याच्या वेळी बाहेरचा साक्षीदार बसवला. साला, तो रुक्ष कागद माझ्या कवितेपेक्षा सरस. तो तिला विचारतो. बुद्धानंही आजारी भिक्खूला आनंदासोबत आधी अंघोळ घातली, उपदेश मागनं.

तिनं अंगठा दिला. गाठ अजून तशीच आहे. 'कापून फेका'वर मी काट मारलीय, तिथं दुसरं काही सुचत नाही. गोळ्या शनिवारी संपतायत, त्याआधी परळला एक फेरी मारायची आहे.