कंपनयंत्र आणि अडखळणारी वाचा

आमच्या नाशिकमधल्या कोणत्याही शाळेत पाढे चालू असताना कान देऊन ऐकावे. एरवी ‘हजर’ म्हणतानाही ज्याचा शब्द अडतो, तो मुलगा सर्वांच्या सुरात सहज म्हणत असतो. समूहाबरोबर बोलताना तोतरेपणा खूपच कमी होतो, हे वाचातज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बोलणाऱ्याला त्याचाच आवाज किंचित उशिरा किंवा वेगळ्या पट्टीत ऐकवणारी यंत्रे पुढे आली, त्यांचे नाते या अनुभवाशी जोडले जाते.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या ग्रेग स्नायडर व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कानाऐवजी त्वचेचा मार्ग घेतला. बोलताना होणारी कंपने टिपायची व ती स्पर्शाने जाणवतील अशी बोलणाऱ्याला परत द्यायची. त्यामुळे प्रौढांचे अडखळणे कमी झालेले आढळले. कल्पना आम्हाला आवडली. गळ्यावर बोटे ठेवून आधी ‘स्’ लांबवावा, मग ‘आ’ म्हणावा. ‘स्’ला थरथर नाही, ‘आ’ला आहे, हे विद्यार्थ्यांना लगेच कळते. स्वतःच्या बोलण्याचा स्पर्श म्हणतात तो हाच.

पण आमची शंकाही इथूनच सुरू होते. तोतरेपणा म्हणजे केवळ ‘क-क-कमळ’ नव्हे. पुष्कळदा तोंड उघडते, श्वास अडतो आणि शब्द सुरूच होत नाही. स्वरतंतू कंपच पावत नसतील, तर बोलणाऱ्याच्याच कंपनांवर चालणारे यंत्र त्या क्षणी बोटांना देणार काय? नेमकी जिथे मदत हवी, तिथे ते मुके राहण्याचा संभव आहे.

दुसरी गोष्ट मोजण्याची. प्रयोगशाळेत किती अक्षरे अडली ते मोजता येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात मुलाखतीला गेलेला तरुण मात्र अडणारा शब्द टाळून दुसराच वापरतो. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. मोजणीत तो उत्तम उतरेल. स्वतःचे नाव सांगायची वेळ आली की काय करणार? नावाला पर्यायी शब्द नसतो!

म्हणून अशा यंत्राची जाहिरात दिसली, तर शिक्षकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना त्याचा उपयोग झाला का, सहा महिन्यांनी तो टिकला का, आणि यंत्र काढून ठेवल्यावर काय झाले.