डी मॉर्गन ह्यांची एक प्रस्तावना

मदुरेस १८०६ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकपदाचा तत्त्वासाठी दोनदा (१८३१, १८६६) राजीनामा दिला. ‘फॉर्मल लॉजिक’ (१८४७) ह्या ग्रंथामुळे ते तर्कशास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांच्या मनाचा कल अधिक उघड होतो तो दिल्लीच्या रामचंद्रांच्या महत्तम-लघुतम मूल्यांवरील ग्रंथाच्या लंडन-आवृत्तीस (१८५९) लिहिलेल्या विस्तृत प्रस्तावनेत. कलनशास्त्रावाचून, वर्गसमीकरणाची मुळे वास्तव राहण्याच्या अटीवरून, रामचंद्र ही मूल्ये काढतात. डी मॉर्गन ह्यांना त्यात प्राचीन भारतीय बीजगणिताचे पुनरुज्जीवन दिसले. कौतुक उदार आहे, ह्यात संशय नाही. परंतु आवृत्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या आज्ञेने निघाली होती, आणि प्रस्तावनेत रामचंद्र गणिती म्हणून कमी, एतद्देशीय बुद्धीचा नमुना म्हणूनच अधिक वावरतात.