धूसर रेषा आणि फोकसचे बटण

प्रात्यक्षिकांच्या अनेक पुस्तकांत ऑसिलोस्कोपच्या धूसर रेषेवर एकच उपाय दिलेला असतो : फोकसचे बटण फिरवा. जुन्या उपकरणात तेवढ्याने भागत नाही आणि ते ‘नादुरुस्त’ ठरून कपाटात जाते. आमचा आक्षेप उपायाला नाही, त्याआधीचे निरीक्षण वगळण्याला आहे.

याउलट टेक्ट्रॉनिक्सच्या १९७२ सालच्या ४६५ या ऑसिलोस्कोपची पुस्तिका पाहा. परिपथांच्या आकृत्या, कार्यतत्त्व, जुळणीच्या पायऱ्या, सारे तिच्यात आहे. फोकस व अ‍ॅस्टिग्मॅटिझम जोडीने जुळवावे, हेही सांगितले आहे. मात्र ती तंत्रज्ञांसाठी आहे. विद्यार्थ्याला लक्षणाकडून कारणाकडे नेण्याचे काम शिक्षकाचेच.

प्रथम तीव्रता कमी करावी, कारण शलाकेतील प्रवाह वाढला की ठिपका फुगतो. मग इनपुट ‘ग्राउंड’वर ठेवावे; रेषा रेखीव झाली, तर गोंगाट बाहेरून आलेल्या संकेतातला. साइन तरंगाचे माथे रेखीव पण चढ-उतार जाड दिसल्यास अ‍ॅस्टिग्मॅटिझमची शंका घ्यावी. चित्र मोठे आणि अंधूक झाल्यास त्वरक विभव घटले असावे. मंद इलेक्ट्रॉन अधिक वळतात. बटण टोकाला नेऊनही फोकस जुळत नसेल, तर त्या परिपथातील मोठ्या मूल्याचे रोधक वयोमानाने बदलले असण्याचा संभव असतो. येथे मात्र विद्यार्थ्यांनी थांबावे. आत हजारो व्होल्ट असतात. बंद केल्यावरही धारित्रांत भार उरतो.

पुस्तकांच्या पुढील आवृत्तीत एवढे एक पान तरी हवे.