हायडीच्या आजोबांची मागणी

योहाना स्पीरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ ही कथा १८८० व १८८१ या सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाली. आल्प्स पर्वतावरील स्वच्छ हवा, शेळ्यांचें दूध आणि एका निष्पाप मुलीचें हास्य एवढेंच तिचें सार आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती अगदींच खोटी नव्हे. परंतु तिच्यामुळें कथेंतील खरा प्रश्न झांकला जातो. आईबाप गेल्यावर मुलानें कोणाजवळ वाढावें, आणि त्याला जवळ करणाऱ्या आप्तांना आधार कोणी द्यावा, हा तो प्रश्न होय.

कथानक पाहावें. हायडीचा बाप सुतार. अंगावर तुळई पडून तो मरतो, आणि त्या धक्क्यानें थोड्याच दिवसांत आईहि जाते. वर्षाच्या पोरीला आजी व मावशी सांभाळतात. पुढें आजी वारते. मावशी देटे चाकरीस लागते आणि मुलीला एका म्हातारीकडे ठेवते. फ्रांकफुर्ट शहरीं चांगली नोकरी मिळतांच ती पांच वर्षांच्या हायडीला डोंगरावरील तिच्या एकलकोंड्या आजोबांच्या दारांत सोडून निघून जाते.

या देटेवर वाचक मनसोक्त राग काढतात. ‘माय मरो, पण मावशी उरो’ म्हणणाऱ्या आपणां मराठी वाचकांस तर तो अधिकच येतो. पण लेखिकेनेंच दिलेला हिशेब नीट वाचावा. चार वर्षें या तरुण बाईनें बहिणीची पोर सांभाळली. चाकरीच्या घरीं मूल नेतां येत नाहीं. चाकरी सोडली तर मुलाच्या तोंडीं घांस घालतां येत नाहीं. तीन वर्षांनीं ती परत येऊन हायडीला खोटें सांगून शहरांत नेते, त्याचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. परंतु पहिल्या वेळच्या तिच्या निष्ठुरपणामागें दारिद्र्य आहे. लेखिका तें दाखविते आणि लगेच विसरते. देटेच्या पिसांच्या टोपीकडेच आपलें लक्ष वेधते. कथेंतील हा पहिला दोष होय.

फ्रांकफुर्टचा भाग मात्र सर्वांत सरस उतरला आहे. तेथें हायडीला मऊ बिछाना आहे, पोटभर अन्न आहे, शिक्षक आहे, क्लारासारखी प्रेमळ मैत्रीणहि आहे. तरी मूल दिवसेंदिवस वाळतें आणि रात्रीं झोपेंत चालूं लागतें. डॉक्टर औषध देत नाहीं. तिला ताबडतोब आजोबांकडे पाठवा, म्हणून सांगतो. मूल नीट पोसलें गेलें म्हणजे सर्व झालें, असें मानणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकानें हें प्रकरण अवश्य वाचावें. क्लाराच्या घरांत उणें असें कांहींच नाहीं. फक्त तें घर हायडीचें नाहीं.

कथेच्या शेवटीं क्लारा डोंगरावर चालूं लागते, आणि तिचा धनाढ्य बाप आजोबांना विचारतो, मीं तुमच्यासाठीं काय करावें? म्हातारा एकच गोष्ट मागतो: माझ्या पश्चात् या मुलीवर पोटासाठीं परक्यांच्या दारीं जाण्याची पाळी येऊं नये. कथेचा कळस आम्ही येथें मानतों. परंतु लेखिका या मागणीचें उत्तर एका सज्जन श्रीमंताच्या शब्दावर सोंपविते, आणि हा दुसरा व मोठा दोष होय. ज्या आजोबांना असा श्रीमंत भेटत नाहीं, त्यांनीं काय करावें?

कथेबाहेरच्या स्वित्झर्लंडांत याचें उत्तर कठोर होतें. पोरकीं, विधवांचीं, अविवाहित मातांचीं आणि गरिबांचीं मुलें स्थानिक अधिकारी काढून घेत व शेतकऱ्यांच्या घरीं राबावयास देत. एकोणिसाव्या शतकांत कित्येक ठिकाणीं त्यांचा उलटा लिलाव होई. जो मुलाच्या पोषणासाठीं गांवाकडून सर्वांत कमी पैसे मागेल, त्याला तें मूल मिळे. परक्याला देण्यास गांवाजवळ पैसा होता. तोच त्या मुलाच्या आईच्या किंवा आजीच्या हातीं द्यावा, हें मात्र क्वचितच सुचलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही रीत टिकली. २०१३ सालीं सरकारनें पीडितांची जाहीर क्षमा मागितली, आणि २०१६ च्या कायद्यानें प्रत्येकास २५,००० फ्रँक देऊं केले. तोंवर कित्येक मुलें वृद्ध होऊन निवर्तलीं होतीं.

आपण या इतिहासाकडे दुरून पाहूं नये. आपल्याकडेहि आश्रमांत राहणारीं सारींच मुलें निराधार नसतात. अनेकांची आई, आजी किंवा मामा हयात असतो; नसतो तो पैसा. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानें संस्था हा अखेरचा उपाय ठरविला आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंत घरींच वाढणाऱ्या मुलासाठीं दरमहा मदत मिळते. २०२३ सालीं ती २,२५० रुपये करण्यांत आली. रक्कम मोठी नव्हे, आणि ती मिळविण्यास कागदपत्रांची यातायात करावी लागते. पण दिशा योग्य आहे. एका श्रीमंतानें म्हाताऱ्यास दिलेला शब्द येथें कायद्यानें देण्याचा प्रयत्न आहे.

‘हायडी’ मुलांच्या हातीं जरूर द्यावी. परंतु घरांतील वडील माणसांनींहि ती पुन्हां एकदां वाचावी. देटेस दोष देण्यापूर्वीं तिच्या अडचणीचा विचार करावा, आणि आपल्या नात्यांत कोणी आजी अथवा मावशी असें मूल एकटी वाढवीत असेल, तर तिला काय हवें, हें जाऊन विचारावें.