बुल्गाकोव यांची ‘व्हाइट गार्ड’ : बूट, खांदेपट्ट्या आणि माणुसकी

मिखाईल बुल्गाकोव यांच्या ‘व्हाइट गार्ड’ (१९२५ मध्ये अंशतः प्रसिद्ध) या कादंबरीत डिसेंबर १९१८ चे कीव्ह शहर आहे. हेटमन स्कोरोपाद्स्की जर्मन फौजांच्या आधारावर राज्य करतो आणि पेटलिउराचे सैन्य वेशीपाशी आले आहे. मात्र लढाईपेक्षा सैनिकांचे रोजचे हालच येथे अधिक बोलके आहेत. मिश्लायेव्स्की पहाऱ्यावरून गोठलेले पाय घेऊन परततो. नाय-तुर्स आपल्या कॅडेटांसाठी लोकरीचे बूट पिस्तुलाच्या धाकाने मिळवतो. हेटमन जर्मन गणवेशात पळून जातो. नाय-तुर्स मात्र मुलांना खांदेपट्ट्या फाडून पळायला सांगतो आणि स्वतः मशीनगनपाशी मरतो. कादंबरीचे नैतिक मूल्य या आज्ञेत आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे : पेटलिउराला मिळालेला युक्रेनियन शेतकरी येथे केवळ जमाव म्हणून दिसतो. ‘त्याच्या घरात त्या रात्री काय चालले होते?’ हा प्रश्न अध्यापकांनी वर्गात अवश्य विचारावा.