तेरवार नावाचा दावा: लुआर, नाशिक आणि आपली सीताफळं

दिवाळीच्या आसपास चौसाळ्यात हायवेच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. विकणाऱ्या मावशी भाव सांगायच्या आधी सांगतात, "डोंगराची हायेत, बागंतली न्हाईत." म्हणजे बालाघाटाच्या माळावर आलेलं फळ जास्त गोड. फ्रेंच लोक याच कल्पनेला ‘तेरवार’ म्हणतात. जमीन, हवा, उतार, माणसांची रीत हे सगळं मिळून त्या जागेची चव तयार होते, असा त्याचा अर्थ. मावशींचा आणि फ्रेंचांचा दावा एकच आहे. प्रश्न असा की तो तपासायचा कसा? रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांना यात शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून आजचा लेख वाइनवर. (घरच्यांनी वाचला तर: मी पीत नाही, फक्त पेपर वाचते.)

लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, साधारण 1,000 किलोमीटर. तिच्या खोऱ्यातल्या दोन पांढऱ्या जाती प्रसिद्ध आहेत, शेनँ ब्लां आणि सोविन्यों ब्लां. आपल्याकडे सुलाने नाशिकला 1997 मध्ये लावल्या त्या याच दोन. म्हणजे जात तीच आणि जागा वेगळी, असा प्रयोग आयताच झालेला आहे असं वाटतं. तिथेच आपण फसतो.

वाइनवरच्या लेखांत आणि टूरमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: मातीतली खनिजं चवीत उतरतात. लुआरच्या बाबतीत व्हूव्रेचा चुनखडक आणि साँसेरची गारगोटी, नाशिकच्या बाबतीत बेसॉल्टची माती. ऐकायला छान वाटतं, पण मला हे पटत नाही. ॲलेक्स माल्टमन या भूगर्भशास्त्रज्ञाने 2013 मध्ये याची चांगली झडती घेतली. वेल खडक पीत नाही, पाण्यात विरघळलेले आयन घेते. वाइनमध्ये त्यांचं प्रमाण इतकं कमी असतं की बहुतेकांची चव जिभेला कळतच नाही. शिवाय जमिनीत शेनँची मुळं असतातच कुठे? एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्समधल्या बागा उठवल्या, तेव्हापासून तिथे अमेरिकन खुंटांवर कलमं बांधतात. आपल्याकडेही क्षार आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून डॉगरिजसारखे खुंट वापरतात. मग फरक दिसला तर तो मातीचा की खुंटाचा?

आता हवामान. लुआर सुमारे 47 अक्षांशावर. हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा गार होत जाताना, फळ पिकतं. नाशिक 20 अक्षांशावर, तिथे वेल खरी झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. बारकाईने बघा: लुआरमध्ये पिकण्याचा काळ उन्हाळ्याकडून थंडीकडे सरकतो, नाशिकमध्ये थंडीकडून उन्हाळ्याकडे. उष्णता वाढली की फळातलं मॅलिक ॲसिड श्वसनात जास्त वेगाने खर्च होतं, आंबटपणा उतरतो. सोविन्योंला हिरव्या मिरचीसारखा वास देणारी पायरॅझिन्सही ऊन आणि पक्वतेबरोबर कमी होतात. म्हणजे साँसेर आणि नाशिकच्या सोविन्योंमधला बराचसा फरक मातीचं नावही न घेता सांगता येतो.

त्यावर यीस्ट, टाकीचं तापमान, काढणीचा दिवस. आणि नियमसुद्धा! व्हूव्रेला आणि साँसेरला 1936 मध्येच नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. त्यात द्राक्षाची जात आणि उत्पादनाची मर्यादा ठरवलेली असते. आपण ज्याला ‘जागेची चव’ म्हणतो त्यात नियमपुस्तिकेची चवही मिसळलेली असते.

तर मग तेरवार खोटं आहे का? नाही. बोर्दोमधल्या व्हान लीउवेन आणि सहकाऱ्यांचा 2004 चा पेपर वाचाच. तीन प्रकारच्या माती, तीन जाती, पाच वर्षं. बहुतेक मोजमापांवर सगळ्यात मोठा परिणाम त्या-त्या वर्षाच्या हवामानाचा निघाला, मग मातीचा, मग जातीचा. आणि माती मुख्यतः वेलीला किती पाणी मिळतं यातून काम करते, असं त्यांनी दाखवलं. एका वर्षात हे दिसलंच नसतं. आपल्याकडे एका हंगामाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढायची घाई असते, ती इथे उघडी पडते.

चाखणाऱ्यांचा भाग वेगळाच. 2001 मध्ये बोर्दोतल्याच संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वासरहित लाल रंग टाकून ती 54 जणांना दिली. वर्णनात शब्द आले ते रेड वाइनचे. लेबल दिसत असताना घेतलेल्या चवीच्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, बीडच्या सीताफळालाही 2016 पासून आहे. प्रपोजलच्या पहिल्या परिच्छेदात बरेच जण हे पुरावा म्हणून लिहितात. 1999 च्या कायद्यात गुणवत्ता ‘किंवा’ लौकिक असा शब्द आहे. नुसत्या लौकिकावरही मानांकन मिळू शकतं. शेतकऱ्याच्या नावाचं रक्षण म्हणून ते हवंच, पण कार्यकारणभावाचं ते प्रमाणपत्र नाही.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी नेमकी हीच चूक केली होती. डोंगरातली सीताफळं आणि बागेतली सीताफळं, रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स मोजायचं, फरक आला की श्रेय मुरमाड जमिनीला. समितीतल्या मॅडमनी एकच विचारलं, "बागेत कोणती जात आहे?" बागेत कलमं होती एनएमके-1 गोल्डनची. डोंगरातली झाडं बियांपासून आपोआप उगवलेली, त्यांना ना ठिबक ना खत. जात, पाणी, झाडाचं वय, तोडणीची वेळ, सगळंच वेगळं, आणि मी नाव घेत होते मातीचं. त्या दिवशी घरी येताना फार राग आला होता. त्यांचा नाही, स्वतःचा.

आता आराखडा असा आहे: एकाच मातृझाडाची कलमं, एकच खुंट, निम्मी मुरमाड जमिनीत, निम्मी काळ्या जमिनीत. दोन्हीकडे पाण्याचे दोन-दोन स्तर, फळं सारख्याच पक्वतेला तोडायची, चाखणाऱ्यांना फक्त कोड नंबर. पाणी सारखं केल्यावर मातीचा फरक नाहीसा झाला, तर मावशींचं म्हणणं बरोबर पण कारण वेगळं. झाडं फळावर यायला तीन-चार वर्षं लागतात आणि माझी फेलोशिप त्याआधी संपते, त्यामुळे सध्या आधीच लावलेल्या जुळणाऱ्या बागा शोधत फिरते आहे.