कावीचें भित्तिकाम : चित्र कीं कोरीव लेख ?

भिवंडी तालुक्यांतील वडपें हें मुंबई-नाशिक रस्त्यावरील गांव. तें ज्या ठाणें जिल्ह्यांत आहे तेथील, व १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांतून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील, वारली घरांच्या गेरूनें सारवलेल्या कुडांवर तांदुळाच्या पिठानें काढलेलीं चित्रें आतां सर्वपरिचित आहेत. तेथून कोंकणपट्टीनें दक्षिणेस गोमंतकांत उतरलें म्हणजे देवळांच्या व कांहीं जुन्या घरांच्या भिंतींवर हेच तांबडा व पांढरा असे दोन रंग पुन्हा भेटतात. आणि तेवढ्या साम्यावरून दोहोंसहि ‘भित्तिचित्र’ या एकाच सदरांत घालण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें हा प्रघात अयोग्य असून त्यायोगें गोमंतकी कामाची हानि होत आहे.

वारली कुडावर पांढरी रेषा वरून चढविलेली असते. कावीच्या कामांत ती खालून उघडी केलेली असते. काव म्हणजे जांभ्याच्या मातीपासून मिळणारा तांबडा रंग. शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू व गूळ हीं एकत्र करून सुमारें पंधरवडाभर आंबवावयाचीं, मग कुटून एकजीव करून भिंतीस गिलावा द्यावयाचा, व त्यावर कावीचा थर चढवावयाचा. हा थर ओला आहे तोंच कर्कटकानें वर्तुळें आंखून अणकुचीदार कांट्यानें नको तेवढी काव खरवडली कीं खालचा शुभ्र चुना दिसूं लागतो. शेवटीं गुळगुळीत गोट्यानें घोटाई. हें काम करणारा हात चिताऱ्याच्या हातापेक्षां ताम्रपट कोरणाराच्या हातास अधिक जवळचा आहे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच.

दुसरें एक मत असें कीं, ही विद्या पोर्तुगीजांबरोबर आली. युरोपांत गिलावा खरवडून केलेलें काम आहे खरें. पोर्तुगालांतील एव्होरा शहरींहि तें आढळतें. परंतु ज्योर्जो वसारी यानें १५५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत इटलीची जी रीत वर्णिली आहे, तींत जळक्या गवतानें काळवंडलेल्या गिलाव्यावर पांढऱ्या चुन्याचा हात देऊन, तो खरवडून खालचा काळा भाग दाखवितात. कावींत क्रम नेमका उलट. शिवाय मोरजीचें मोरजाईचें देऊळ ज्या पेडणें महालांत आहे, तो पोर्तुगीजांकडे १७८८ त गेला. गोवें शहर मात्र १५१० पासूनच त्यांचें. एवढ्यानें वाद मिटला असें आम्ही म्हणत नाहीं, कारण देवळाचा काळ तोच गिलाव्याचा काळ असें धरून चालणें धोक्याचें आहे. तथापि नुसत्या साम्यावरून उगम ठरविणारांनीं थरांच्या क्रमाकडे तरी पाहावयास हवें होतें.

तसें पाहणाऱ्या विरळा अभ्यासकांत डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. होन्नावरच्या या गृहस्थांनीं कावीचें काम हिंडून टिपून ठेविलें व त्याकडे लोकांचें लक्ष वेधलें.

‘चित्र’ या नांवानें होणारी हानि जीर्णोद्धाराच्या वेळीं प्रत्ययास येते. चित्र मळलें तर पुन्हा रंगवावें, असें विश्वस्तांस स्वाभाविकच वाटतें. आणि तांबड्या तैलरंगाचा हात फिरला कीं खांचा बुजतात, रेषेची धार जाते. सिमेंटाचा प्रकार याहून वाईट. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंट ती आंत कोंडतें, व मग उरलेला जुना गिलावाहि पापुद्र्यांनीं सुटतो. पोथी जीर्ण झाली तरी तिची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडण्याची आशा असते. येथें तसें कांहीं नाहीं.

शिलालेखाचा ठसा घेतल्यावांचून आम्ही पुढें जात नाहीं. कावीच्या भिंतीसहि तोच न्याय लावावा; मात्र ठशाच्या ओल्या कागदानें चुना उखडण्याचें भय असल्यामुळें, दिवा भिंतीलगत तिरपा धरून छायाचित्र घ्यावें, रेषेची रुंदी व खोली मोजावी, आणि गिलावा जेथें आधींच फुटला असेल तेथें थर किती व कोणत्या क्रमानें आहेत तें लिहून ठेवावें. हें सर्व रंगारी येण्यापूर्वीं झालें पाहिजे.